येते म्हणायचं नसतं

ही घटना खरी आहे.

घरात माझी ओळख थापाड्या अशी आहे आणि ती मी मेहनतीनं कमावली आहे. त्यामुळे तुमचा विश्वास बसला नाही तरी मला राग नाही. पण यात मी काहीही वाढवून सांगत नाहीये. उलट दोन गोष्टी गाळतोय.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. वादळ नव्हतं, वीज गेली नव्हती, कुत्रंही रडत नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं.

शहराच्या टोकाला एक जुनं गोदाम आहे. आत हवेनं फुगवलेला अडथळ्यांचा रस्ता केलाय. भिंती, खांब, घसरगुंड्या, सगळं रबरी आणि माणसाहून उंच. कडेला मोठे ब्लोअर सतत घोंघावत असतात. ब्लोअर बंद झाला की सगळं खाली बसतं.

आम्ही चौघं होतो. मी, माझी ताई, भाऊजी आणि त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी. सगळ्या खेळांत ती लिंबूटिंबू, म्हणून घरात तिला टिंबू म्हणतात. मी त्यांच्याकडेच राहतो. भाऊजी एसी दुरुस्त करतात. मी भाऊजींना दुरुस्त करायचा प्रयत्न करतो.

दारातल्या बाकाशी बूट काढले, मोजे चढवले आणि आत शिरलो.

पहिल्या पाच मिनिटांत भाऊजी दोन खांबांच्या मधे अडकले.

"अहो, पोट आत घ्या!" ताई ओरडली.

"घेतलंय! हे दिसतंय ते घेतल्यानंतरचं आहे!"

तिथे देखरेखीला एक बाई होती. ती बोलायच्या जागी शिट्टी वाजवायची. तिनं भाऊजींकडे बघून दोन शिट्ट्या मारल्या. मी हसून हसून घसरगुंडीवरून उलटा खाली आलो.

तोपर्यंत सगळं मस्त चाललं होतं.

रस्त्याच्या शेवटी एक बोगदा होता. लाल, गोल, जेमतेम पंधरा फुटांचा. रांगत जायचा. टिंबू एका बाजूनं आत शिरली आणि मी धावत दुसऱ्या तोंडाशी जाऊन दबा धरून बसलो. ती बाहेर आली की 'भॉ' करायचं, असा बेत.

पंधरा फूट म्हणजे किती? लहान मूल अर्ध्या मिनिटात बाहेर येतं.

एक मिनिट झालं…

दोन झाली…

मग आतून टिंबूचा आवाज आला. ती बोलत होती.

"मी पहिलीत जाणारे. तू?"

शांतता.

"अय्या! मग तू जेवतोस कधी?"

पुन्हा शांतता… आणि टिंबू खुदकन हसली.

तिच्याआधी आत कोणी गेलं नव्हतं. तिच्यानंतरही नाही. आमच्या वेळेला आम्ही चौघंच होतो. ताई समोर घसरगुंडीवर होती आणि भाऊजी अजून खांबातच होते.

टिंबू रांगत बाहेर आली. मी 'भॉ' करायचं विसरलो.

ती माझ्याकडे आली नाही. आधी मागे वळली, बोगद्याच्या तोंडाशी वाकली आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "येते हां मी."

आणि आतून…

"येऽऽऽ"

हवा सुटल्यासारखा आवाज. एखादी शिवण उसवली की येतो तसा. पण शेवटी तो जरासा वर गेला. आपण कोणाला हाक मारताना जातो तसा.

मी आत डोकं घातलं. बोगदा रिकामा होता. पलीकडच्या टोकाचा उजेड सरळ दिसत होता.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"तो आत राहतो," टिंबू म्हणाली. "पंखा बंद केला की तो चपटा होतो. त्याला आवडत नाही."

मला काहीतरी विनोद सुचायला हवा होता. तो माझा एकमेव गुण आहे.

सुचला नाही.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. आम्ही बाकावर आलो. भाऊजी एका बुटाची नाडी बांधत होते. ताई पर्समध्ये रुमाल शोधत होती. मी पाणी प्यायलो. एवढाच वेळ गेला असेल.

टिंबूचे बूट बाकाखाली होते.

टिंबू नव्हती.

ताईनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, या वेळी पूर्ण नावानं. तरी नाही. मी मोज्यांवरच आत पळालो.

ती बोगद्याच्या तोंडात होती. कमरेपर्यंत आत. रांगत नव्हती. पोटावर पडून, हात पुढे करून, हळूहळू… आत सरकत होती.

मी तिचे पाय धरले आणि ओढले.

पलीकडूनही ओढ होती.

हे मी शपथेवर सांगतो. वीस किलोचं पोर आणि मला दोन्ही टाचा रोवून मागे झुकावं लागलं. मग एकदम ओढ सुटली आणि आम्ही दोघं उताणे पडलो.

"मामा, सोड ना," टिंबू रडवेली झाली. "मी येते म्हणाले होते त्याला."

तोवर भाऊजींसोबत ताई आली होती. तिनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

आता हे समजायला आमची ताई समजायला हवी. टिंबू दोन वर्षांची असताना एकदा दारातून म्हणाली, "आई, मी जाते." ताईनं तिला उंबऱ्यावरून परत आणलं. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. पन्नास वेळा घोकून घेतलं. तेव्हापासून टिंबू सगळ्यांना येते म्हणते. दुकानदाराला म्हणते. बसला म्हणते. दाताच्या डॉक्टरांना म्हणते, आणि तिथे तर तिला मुळीच परत जायचं नसतं.

आपल्याला कळतं की येते म्हणजे जाते.

आतल्याला कोणी सांगितलं नसावं.

"येते म्हणाली का ती?"

मागून आवाज आला. शिट्टीवाली बाई. शिट्टी तोंडातून काढून पहिल्यांदाच बोलत होती.

"इथे येते म्हणायचं नसतं हो. बाय म्हणायचं. पाटी लावा म्हणून मी दोनदा सांगितलं. साहेब हसले."

"कोण आहे आत?" भाऊजींनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी लागले तेव्हापासून आहे." तिनं टिंबूकडे बघितलं. "तिला जाते म्हणायला लावा. तिच्याच तोंडून. नाहीतर ही पोर घरी नेलीत तरी इकडेच चालत येईल."

ताई म्हणाली, "नाही."

"अगं…"

"नाही म्हणजे नाही! माझ्या लेकीच्या तोंडून, जाते? तेही त्याच्यासमोर?"

मी टिंबूला उचललं. म्हटलं, चला, गाडीत बसू, घरी जाऊ, बघू पुढचं पुढे. दाराबाहेर आलो. ऊन तसंच होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती. झाडाचं पान हलत नव्हतं.

टिंबूचे केस मात्र उडत होते.

मागे. गोदामाच्या दिशेनं.

तिच्या फ्रॉकची झालरही तिकडेच ताठ झाली होती. भाऊजींनी हात पुढे करून हवा तपासली, सवयीनं. मग म्हणाले, "ब्लोअर अशी हवा ओढत नाहीत."

ताईनं टिंबूला माझ्याकडून घेतलं आणि ती परत आत गेली. आम्ही दोघं मागोमाग.

त्याच वेळी बाईनं ब्लोअर बंद केले.

तो घोंघाट थांबल्यावर कळलं की तो किती मोठा होता. आता काहीच नव्हतं. नुसती सुस्कारत बसणारी रबरं. भिंती वाकल्या. खांब एकमेकांवर कोसळले. घसरगुंडी गुडघ्यात मोडली.

बोगदा…

बोगदा तसाच उभा होता.

फुगलेला. ताठ. आणि मधोमध, आतल्या बाजूनं कोणीतरी पाठ टेकावी तसा… एक उंचवटा.

"व्हॉल्व्ह अडकला असेल," भाऊजी म्हणाले. त्यांना स्वतःलाच पटलं नव्हतं.

ताई गुडघ्यांवर बसली. तिनं टिंबूला मागून घट्ट धरलं होतं.

"म्हण बाळा. जाते म्हण."

"तू ओरडशील."

"नाही ओरडणार."

"मागच्या वेळी ओरडली होतीस."

"टिंबू, म्हण ना गं!" ताई रडायला लागली होती. मी तिला शेवटचं रडताना कधी पाहिलं ते मला आठवत नाही. "आईचं चुकलं. मोठ्यानं म्हण."

टिंबूनं बोगद्याकडे बघितलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"मी जाते," ती म्हणाली.

काही झालं नाही.

मग तो उंचवटा हलला. हळूच तोंडाच्या बाजूला सरकला. टिंबूचे केस एकदम सुटून खांद्यावर पडले. बोगदा खाली बसू लागला आणि त्याच्या तोंडातून कोमट हवा आमच्या चेहऱ्यांवर आली. रबराचा वास. आणि त्या हवेत, अगदी समजूतदारपणे, कोणी रीतीनं निरोप घ्यावा तसं…

"बरं… मी येतो."

बोगदा सपाट झाला. बाईनं तो पायानं उचकटून दाखवला. आत काही नव्हतं.

गाडी घरच्या रस्त्याला लागली. पहिल्या सिग्नलला भाऊजी म्हणाले, "येतो म्हणजे जातोच. सगळे तसंच म्हणतात."

ताई म्हणाली, "येते म्हणजे जाते हे त्याला कळत असतं तर हे घडलंच नसतं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. भाऊजी बराच वेळ हलले नाहीत.

याला आता चार महिने झाले. टिंबू ठीक आहे. खाते, भांडते, पहिलीत जाते. घरातून निघताना आता आम्ही कोणीच काही बोलत नाही. नुसते उठून चालू लागतो. शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात भांडण आहे.

मला झोप कमी लागते, एवढंच.

परवा टिंबू माझ्याशेजारी बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मामा, त्याला आपलं घर माहीत नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "कसं माहीत असणार?"

तिनं थोडा विचार केला. मग खडू खाली ठेवला.

"मी सांगून येऊ?"