भाऊजींचा सेन्सर

आमच्या चाचणी-कक्षात एक टाकी आहे. टाकी म्हणजे आडवं पडलेलं पोलादी पिंप, आत एखादी मोटार सहज मावेल एवढं. उपग्रह आत ठेवायचा, दार लावायचं, हवा काढून घ्यायची. मग टाकीच्या भिंती आधी गोठवायच्या आणि नंतर तापवायच्या. वर गेल्यावर तो उन्हात भाजणार आणि पृथ्वीच्या सावलीत गारठणार, म्हणून ते सगळं आधी जमिनीवर सोसून दाखवायचं. भाऊजी म्हणायचे, ही पोरीची सासरी जाण्याआधीची परीक्षा.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्याच कक्षात तंत्रज्ञ. उपग्रहाच्या अंगावर तापमान मोजणारे सेन्सर चिकटवायचं काम त्यांचं. हात सोन्याचा, तोंड फटकळ. मी इंजिनिअर, त्यामुळे कामावर मी त्यांची साहेब आणि घरी त्यांच्या ताटातलं उचलून खाणारी मेहुणी.

देशाने स्वतः बांधलेला हा पहिला उपग्रह. रॉकेट मात्र परक्यांचं. त्यांनी दिलेली तारीख हुकली की पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि आमच्या प्रमुखांना त्या तारखेपलीकडे जगच दिसत नव्हतं.

बॅटरीजवळच्या पत्र्यावर शेवटचा सेन्सर बसवताना चिकटपट्टी भाऊजींच्या हातमोज्यालाच चिकटायला लागली. त्यांनी वैतागून मोजा काढला आणि उघड्या अंगठ्याने पट्टी दाबली. उपग्रहाला उघडा हात लावणं हे आमच्याकडे पाप. नियमाप्रमाणे तो पत्रा उतरवून, धुऊन पुन्हा बसवायला हवा होता. प्रमुख काचेपलीकडून बघत होते.

"राहू दे," ते माइकवर म्हणाले. "अंगठाच लावलाय, कुऱ्हाड नाही."

आम्ही हसलो. पत्र्यावर वेष्टनाचे थर चढले आणि टाकीचं दार लागलं.

भिंती गार होऊ लागल्या तशा पडद्यावरच्या सगळ्या सेन्सरांच्या रेघा खाली वळल्या. एकच सरळ राहिली. सदतीस अंश.

"तुमचाच आहे," मी म्हटलं. "नीट बसला नाही वाटतं."

"माझा बसला नाही असं कधी झालंय?" भाऊजींनी दोन्ही हात काखेत खुपसले होते. "एसी कोणी वाढवलाय गं?"

एसी कोणी वाढवला नव्हता. आजूबाजूचे आकडे शून्याच्या कितीतरी खाली गेले, तेव्हा ती रेघही हलली. छत्तीस. मग कुरकुरत पस्तीस. भाऊजींच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. ओठ जांभळे पडले. त्यांच्यावर तीन जणांचे कोट घालून आम्ही त्यांना संस्थेच्या दवाखान्यात पाठवलं. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला.

"तेहेतीस पॉइंट चार. अहो, हे बर्फात होते का?"

पडद्यावर तेहेतीस पॉइंट चार होतं.

मी घाबरट नाही. रोज शेकडो आकडे बघितले की दोन कधीतरी जुळतातच, हे मला ठाऊक आहे. मग भिंती तापवायला घेतल्या आणि भाऊजींना ताप चढू लागला. डॉक्टर फोनवर तोंड उघडायच्या आत मीच आकडा सांगू लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन ठेवून दिला.

"चाचणी थांबवा," मी प्रमुखांना म्हटलं.

"आणि कारण काय देऊ? भाऊजींना थंडी वाजते?"

मी त्यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. ताई भाऊजींच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. टाकीपाशी बसलेला सहकारी फोनवरून आकडे वाचत होता. चाळीस पॉइंट सहा, तो म्हणाला. मी थर्मामीटर प्रमुखांच्या हातात दिला. ते खिडकीच्या उजेडात गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी थर्मामीटर रुमालाने पुसून परत दिला.

"म्हणजे सेन्सर बरोबर दाखवतोय," ते म्हणाले.

"साहेब, तो काढा हो," ताई म्हणाली.

"वहिनी, टाकी उघडली की बरे होतील ते."

टाकी उघडली आणि भाऊजी खरंच बरे झाले. घरी तीनदा वाढून घेतलं, वर माझी थट्टा केली. तो पत्रा बदला म्हणून मी प्रमुखांच्या हातापाया पडले. तोवर उपग्रहाची पेटी परदेशी रवाना झाली होती.

उड्डाण सकाळी होतं. सगळे मोठ्या पडद्यासमोर. भाऊजी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. रॉकेट गेलं, उपग्रह सुटा झाला, पहिला संदेश आला. प्रमुख लहान मुलासारखे रडले. टाळ्या थांबेनात.

भाऊजींच्या थांबल्या.

"शाल आहे का गं कोणाची?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर उपग्रह सावलीत शिरत होता.

टाकीत गारठ्या-तापाचा एक फेरा दिवसभर चालायचा. वर तो दीड तासाचा.

तेहेतीस. एक्केचाळीस. पुन्हा तेहेतीस. जीव जाईल इतकं कधीच नाही.

ताई पांघरूण घालायची, काढायची, घालायची. झोपही त्यातच.

उपग्रहाचं आयुष्य तीन वर्षांचं धरलेलं. ती सरली, बॅटऱ्या संपल्या, संदेश बंद झाले. प्रमुखांना पदक मिळालं.

"मेला ना एकदाचा?" ताईने विचारलं.

"बंद पडलाय. फिरतोय तसाच."

"पडेल कधी?"

मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. "काहीशे वर्षं लागतील," मी म्हटलं. ती चादरीची घडी घालत होती. तिने घडी पूर्ण केली.

त्यालाही आता फार वर्षं झाली. प्रमुख वारले. मी निवृत्त झाले. ताईचे दात गेले, कंबर वाकली. परवा नवीन डॉक्टर घरी आले. तरुण होते, मायाळू. त्यांनी भाऊजींची नाडी पाहिली, कपाळावरचे दाट काळे केस मागे सारून हात लावला आणि ताईकडे वळले.

"आजी, मुलाला हे कधीपासून होतंय?"

ताईने त्यांची चूक सुधारली नाही. गारठ्याची वेळ होत आली होती; ती पांघरूण उलगडत होती.