कळलं तर ‘हो’ म्हण

खोलीत अकरा चेहरे होते. नऊ रबराचे, भिंतीवर टांगलेले. एक माझा, आरशात. आणि एक खुर्चीत — डोळे मिटलेला, नाक झडलेला. तोही मुखवटाच समजून मी गालाला बोट लावलं...

गाल उबदार होता.

“पहिल्याच भेटीत?” चेहरा म्हणाला. “आधी ओळख तरी करून घ्यायची!”

मी किंचाळले. त्यानं कपाळापासून कातडं सोललं, आणि आतून एक देखणा रंगभूषाकार निघाला.

“दिग्दर्शकांची खोली शोधतेय,” मी म्हणाले. “तुमच्या भयपटातल्या कुष्ठरोगाबद्दल सल्ला द्यायचाय.”

“म्हणजे आमच्या भुताच्या डॉक्टरीणबाई!”

“डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय. आणि तुमचं भूत उगाच विव्हळतं. या रोगात आधी स्पर्शच कळेनासा होतो.”

“रोज येऊन शिकवणार असाल तर गप्प बसवतो त्याला.”

मी रोज जाऊ लागले.

एका दुपारी तो मेण वितळवत होता, नजर माझ्यावर. “हा निळा रंग तुला... म्हणजे, तुम्हाला—”

चर्रर्र आवाज आला. मग जळक्या कातडीचा वास. त्याचा डावा हात तापल्या शेगडीला टेकला होता, आणि तो हसतच होता.

“हात!”

त्यानं खाली पाहिलं — जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

जखम मी नळाखाली धरली. करंगळीजवळ एक फिकट चट्टा होता. भिंतीवरचे नऊही जण आमच्याकडे बघत होते.

“दूर हो,” तो पुटपुटला. “तुलाही होईल.”

“हे तुझं भूत बोलतंय. औषध सुरू झालं की हा रोग कुणाला लागत नाही. बरा होतो.”

“आणि तोवर माझ्याजवळ कोण बसेल?”

“बसलेय ना! डोळे मिट. स्पर्श कळला तर ‘हो’ म्हण.”

कापसाचं टोक करंगळीवर नऊदा टेकवलं. दोनदा ‘हो’ आलं. मग कापूस ठेवून मी तिथं ओठ टेकले.

तो डोळे मिटून वाट पाहत राहिला.

“झालं?” त्यानं विचारलं. “शेवटचा कुठं होता?”

“तुझा तू ओळखशील. चल, दवाखान्यात.”

गोळ्या सुरू झाल्या. त्यानं झडलेल्या नाकाचे मुखवटे द्यायचं नाकारलं, तेव्हा दिग्दर्शक कडाडले, “निरोगी भुताला घाबरणार कोण?”

सहा महिन्यांनी मी त्याला पुन्हा डोळे मिटायला लावले.

डावी करंगळी. दहा स्पर्श : नऊ कापसाचे, एक ओठांचा. ‘हो’ : सात. शेवटचा धरून.