पुठ्ठ्यावर राहिलेला डाग

सौरडागांचे फोटो काढताना सूर्याकडे थेट बघायचं नसतं, हे शेजाऱ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडतो आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो काढतो. पुठ्ठा बायको धरते. कुरकुरत, पण गच्चीवर येऊन रोज धरते.

"आटपा लवकर. हात भरून आलेत माझे."

"हलू नकोस म्हणतो ना! जरा उभं राहायला काय होतं तुला?"

दुर्बीण तशीच ठेवली की बिंब पुठ्ठ्यावरून हळूहळू सरकत जातं, आणि डागही त्याच्यासोबत जातात. त्या सकाळी बिंब सरकत सरकत पुठ्ठ्याबाहेर गेलं. एक डाग मात्र जागच्या जागी राहिला. मसुराएवढा, काळाकुट्ट.

"बरबटलेले हात लावलेस ना पुठ्ठ्याला?" मी खेकसलो.

"आत्ता कोरा काढलाय. उगाच माझ्या नावाने खडे फोडू नका."

तिने पुठ्ठा उलटा केला. डाग त्याही बाजूला होता. मी दुर्बिणीवर झाकण घातलं. डाग तसाच.

माझं डोकं फिरलं. काचेवरची धूळ असेल, तर डोळा लावायची नळी फिरवली की डागही फिरतो. झाकण घातल्यावर ही परीक्षा बिनकामाची, पण हाताला सवय. मी नळी फिरवली.

डाग पुठ्ठ्यावरून उतरून तिच्या अंगठ्यावर गेला.

"अहो, गार लागतंय. काढा ते."

"बघू तर दे!" मी आणखी फिरवली.

मनगट. कोपर. तिचा हात ताठला. मी नळी सोडली, तरी तो चढतच होता.

"उलटं फिरवा," ती म्हणाली. आवाजात कुरकुर नव्हती. लग्न झाल्यापासून मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. ही गेली तर मी भांडू कोणाशी?

डाग गळ्याशी पोचला.

मी नळी उलटी फिरवली.

खांदा. कोपर. अंगठा. पुठ्ठा.

मग तो पुठ्ठ्याच्या कडेवरून निघून गेला, बिंब गेलं होतं त्याच बाजूने.

"बरी आहेस ना गं?"

"मला काय धाड भरलीय?" तिने बोटं हलवून दाखवली. "उद्यापासून तुमचा पुठ्ठा तुम्हीच धरा."

मला इतकं हायसं वाटलं, की हसूच फुटलं.

ती पुठ्ठा काखेत मारून जिन्याकडे निघाली. उन्हात पुठ्ठ्याची चौकोनी सावली फरशीवरून सरकत गेली. एकटीच. तिची सावली कुठेच नव्हती.