एकसष्ट टक्के

“स्तनाच्या कर्करोगावर संयुक्त उपचार घेतलेल्या तीन हजार एकशे सात स्त्रियांपैकी एकीचेही हृदय निकामी झालेले नाही.” कर्कोपचार संगणन संस्थेच्या सहाव्या वार्षिक अहवालातले हे वाक्य तीन समित्यांनी तपासले होते. आकडे बरोबर होते. ही हृदये कोणाच्या छातीत आहेत, एवढेच कोणी विचारले नाही.

ते विचारले सिंधू वाघमोडे यांनी. माळशिरसच्या शाळेत त्या व्यायाम शिकवत. संस्थेच्या तपासणीकक्षात त्या डाव्या कुशीवर पडल्या होत्या आणि हृदयतज्ज्ञ डॉ. इरावती खरात त्यांच्या छातीवर सोनोग्राफीचा दांडा फिरवत होत्या.

“मॅडम, हे माझं नव्हे,” वाघमोडेबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

“मग कोणाचं?”

“ते तुम्ही सांगायचं. लिफ्ट बंद, तीन जिने चढून आले, धाप अजून बसली नाही. आणि हे बघा, रिटायर झाल्यासारखं निवांत चाललंय. बत्तीस वर्षं पोरांच्या नाड्या मोजल्यात मी.”

डॉ. खरातांनी हसत त्यांचे मनगट धरले. हसू पंधरा सेकंद टिकले. बोटाखाली ठोके एकशे सोळा होते, पडद्यावर बहात्तर. कोपऱ्यात अक्षरे होती : आकुंचनक्षमता एकसष्ट टक्के, पुढील मात्रा मंजूर.

त्यांनी दांडा छातीवरून उचलला. पडद्यावरचे हृदय चालूच राहिले.

अडगळीतल्या, संस्थेच्या जाळ्याला न जोडलेल्या एका जुन्या यंत्राने आकडा दिला : एकतीस टक्के.

त्या दिवशीची मात्रा डॉ. खरातांनी स्वतःच्या सहीने थांबवली आणि त्या संचालक डॉ. भार्गव सबनीस यांच्या खोलीत गेल्या.

“केमोथेरपीचं लाल औषध हृदयाच्या स्नायूपेशींना इजा करतं,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर देतो ते प्रतिपिंडाचं औषध त्या पेशींपर्यंत दुरुस्तीचा निरोप पोचू देत नाही. वर डाव्या बाजूचे किरण. तिन्हींचा एकत्र परिणाम आधी कळावा, म्हणून तुम्ही प्रत्येकीचं प्रतिहृदय रचलंत. संगणकातलं जुळं. बरोबर?”

“आणि ते सहा वर्षं तंतोतंत जुळतंय.”

“जुळणारच. पडद्यावर तुम्ही तेच दाखवता.”

“नेहमी नाही,” सबनीस शांतपणे म्हणाले. “मापन प्रतिहृदयापासून दहा टक्क्यांहून दूर गेलं, तरच प्रणालीतली गाळणी ते बदलते. तपासणाऱ्याचा हात चुकतो, खरात. एरवी प्रत्येकीला स्वतःचंच हृदय दिसतं.”

“म्हणजे ठीक असेपर्यंत दिसतं. बिघडलं की जुळ्याचं दिसतं.”

“प्रतिहृदय प्रत्येक मापनातून शिकतं.”

“बदललेल्या मापनातून ते काय शिकणार? स्वतःचंच उत्तर पुन्हा वाचणार.”

सबनीसांनी चहा मागवला. खरातांनी तो घेतला नाही.

वाघमोडेबाईंची क्षमता पन्नासच्या, म्हणजे मात्रा थांबवण्याच्या मर्यादेच्या, खाली गेल्यानंतर त्यांना नऊ मात्रा मिळाल्या होत्या, असे पुढे निष्पन्न झाले. उरलेल्या हृदयावर त्यांनी सात आठवडे काढले. त्यांना उशांना टेकून, बसूनच झोपावे लागे. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, “मॅडम, पडद्यावरची बाई कशी आहे?”

पुढे नेमलेल्या चौकशी समितीने मृत्युनोंदणीतली नावे संस्थेच्या प्रणालीशी ताडून पाहिली. दोनशे अठरा स्त्रिया हयात नव्हत्या. प्रणालीत त्या सगळ्यांची हृदये चालू होती, दर तीन महिन्यांनी त्यांचे अहवाल निघत होते आणि त्यांच्या नातेवाइकांना तपासणीची स्मरणपत्रे जात होती. सिंधू वाघमोडे : ठोके बहात्तर, एकसष्ट टक्के, पुढील मात्रा गुरुवारी मंजूर. वार्षिक अहवालातल्या त्या वाक्यात खोटे काही नव्हते.

गाळणीचा नियम कोणी घातला, या प्रश्नाला डॉ. सबनीस यांनी दिलेले उत्तर इतिवृत्तात शब्दशः असे नोंदले आहे :

“मीच घातला. पहिल्याच वर्षी दोन हृदयांत फरक पडू लागला. कोणतं चुकतंय, हे ठरवणं भाग होतं. एक आजारी बाईच्या छातीत होतं, दुसरं निरोगी होतं. मी निरोगी हृदयावर विश्वास ठेवला.”