कूरा रोखून उभी आहे

वैनोनं कॉफी बशीत ओतली, साखरेचा खडा पुढच्या दातांत धरला आणि एक भुरका मारून म्हणाला, “दोन तितरं मिळाली की परत. तू कशाला येतेस? तुला तर टोस्टरमधून पाव उडाला तरी घाम फुटतो.”

“येते मी,” आउने म्हणाली. मांसाच्या करंज्या कागदात गुंडाळताना तिनं सासऱ्याकडे पाहिलं नाही. “शाळेला सुट्टी आहे. आणि परवा तुमच्या छातीत दुखत होतं, पापा.”

“छाती माझी. दुखणं माझं.”

“आणि तुम्हाला काही झालं की मागे एकटी राहणार कोण? मीच.”

बशी रिकामी करून म्हाताऱ्यानं बंदूक खांद्याला अडकवली, आणि चुलीजवळ झोपलेला पिकी शेपटी हलवत उठला.

बाकीचं दोघंही बोलत नसत. गेल्या ऑक्टोबरात तिचा नवरा टाउनो असाच कॉफी पिऊन निघाला होता. बरोबर दोन सेटर जातीची शिकारी कुत्री, पांढरी कूरा आणि तिचा काळ्या ठिपक्यांचा पोर पिकी. दुपारनंतर सरोवराकडून बर्फ आलं. पिकी एकटा घरी आला, पोटाखालच्या केसांना बर्फाच्या गोळ्या लोंबत होत्या. टाउनो आला नाही. कूराही नाही. गावातल्या पुरुषांनी रान पालथं घातलं, आणि शेवटी, त्या भागात तांब्याच्या खाणीचे जुने खड्डे फार आहेत, असं म्हणत टोप्या काढल्या. पाद्रीबाबा सांगायला आले, की देह नसला तरी त्याच्या नावाचा एक दगड बसवू या. वैनोनं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

तेव्हापासून तो पुन्हापुन्हा त्याच रानात जाई, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडा आत. आउनेला नवरा परत मिळण्याची आशा उरली नव्हती. या म्हाताऱ्याला संध्याकाळी घरी आणणं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

ट्रक त्यांनी एका ओसाड शेतापाशी उभा केला. शेत करणारे कधीच निघून गेले होते, मागे सफरचंदाची झाडं रानटी वाढली होती. खाली पडलेली फळं कुजून हवेला आंबूस, दारूसारखा वास येत होता. असल्या ठिकाणी तितरं उतरतात. पलीकडे एकदा तोडून पुन्हा माजलेलं अॅस्पेनच्या झाडांचं दाट रान, आणि त्याच्याही पलीकडे सीडरच्या झाडांखालची काळी दलदल. ऊन नव्हतं. आभाळ राखेसारखं आणि इतकं खाली, की झाडांचे शेंडे त्यात बुडालेले.

वैनोनं पिकीच्या गळ्यात पितळी घंटा बांधली. “जा.”

किणकिण करत कुत्रं झाडीत शिरलं. दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. इथं दाट रानात असंच चालतं. घंटा वाजतेय तोवर कुत्रं शोधतंय. थांबली, की त्याला वास लागला, ते पक्ष्यावर नजर रोखून उभं आहे, आणि आता आपण जायचं.

“आम्ही सगळी गाढवं,” चालता चालता वैनो अचानक म्हणाला.

“का?”

“गेल्या वर्षी. चाळीस माणसं, आणि सगळी कान टवकारून कूराची घंटा ऐकत हिंडली. अगं, ती कूरा होती. माणूस येईपर्यंत हलायची नाही. वारं असो, बर्फ असो, एक पाय उचलून उभी. टाउनोच्या शेजारी ती कुठंतरी उभी असणार, आणि उभ्या कुत्र्याची घंटा वाजते का?” तो थुंकला. “मी शिकवलं तिला. आणि मीच घंटा ऐकत फिरलो.”

आउनेला ती घंटा आठवली. कूराची घंटा वैनोनं स्वतः खाणीच्या तांब्यातून ठोकून केली होती. तिचा आवाज पितळेसारखा खणखणीत नव्हता, जाड आणि बुडाल्यासारखा होता. आणि कूराचा डावा पुढचा पाय. माणूस शेजारी येऊन पोचला, की उचललेला तो पाय ती हलकेच खाली टेकवी. जणू म्हणे, आता तुझं काम.

“पण पक्षी उडून का नाही जात?” आउनेनं विचारलं, नुसतं बोलत राहण्यासाठी. “कुत्रं इतकं जवळ असताना?”

“दीड वर्ष आमच्या घरात काढलंस आणि हे आत्ता विचारतेस? शाळेत काय शिकवतेस पोरांना?” म्हातारा बऱ्याच दिवसांनी हसला. “बांधला जातो तो. नजरेनं. त्याला वाटतं, हललो नाही तर दिसणार नाही. मग माणसं येतात, दोघं असली तर कुत्र्याच्या दोन बाजूंनी, सावकाश...”

पुढं किणकिण थांबली.

दोघंही थांबले. मग वैनोनं बंदूक हातात घेतली आणि नेहमीसारखा पुटपुटत निघाला. “हळू, पोरा... हळू...” कुत्र्यानं उतावीळ होऊ नये म्हणून हे शब्द. टाउनोही ते तसेच म्हणायचा, बापाच्याच सुरात.

पिकी एका कुजलेल्या ओंडक्यापाशी उभा होता. पण नाक वर नव्हतं, वास घेत नव्हता. मान खाली घालून तो समोर पाहत होता फक्त. वैनोचा चेहरा पांढरा पडला.

“हा रोखत नाहीये,” तो हळूच म्हणाला. “हा मान देतोय.”

आउनेलाही ते ठाऊक होतं. जोडीतलं एक कुत्रं रोखून उभं राहिलं, की दुसऱ्यानं ते दिसेल तिथंच थांबायचं, त्याची शिकार बिघडवायची नाही. याला मान देणं म्हणतात. पण त्यासाठी आधी उभं असलेलं एक कुत्रं लागतं.

समोर फक्त फर्नची तांबडी पानं होती.

वैनो पुढं गेला, वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. “ये इकडे,” त्यानं खूण केली. काळ्या चिखलात पंजांचे ठसे होते. ताजे, अजून पाणी झिरपत होतं. दोन मागचे, एक पुढचा. तीनच.

“डावा उचललेला,” वैनो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. “दाखवतेय ती. पोराकडे नेतेय मला.”

“पापा, दुसऱ्या कुणाचं कुत्रं असेल. चला ना घरी.”

“दुसऱ्याचं असेल तर दिसत का नाही?”

आउने ठशांकडे पाहत राहिली. त्यांची बोटं दलदलीकडे नव्हती. ज्या वाटेनं ते दोघं आले, त्या वाटेकडे होती. तिनं सांगितलं तेव्हा म्हातारा म्हणाला, “मागं वळून बघत असेल, आपण येतोय का ते,” आणि पुढं चालू लागला.

पिकी आणखी एकदा थांबला, अॅस्पेन संपतात तिथं. मग पुन्हा, सीडरच्या पहिल्या झाडांपाशी. दोन्ही वेळा नुसती मान खाली, नजर समोरच्या मोकळ्या जागेवर. दोन्ही वेळा तीन ठसे, आणि बोटं यांच्याकडेच. सीडरखाली उजेड हिरवट, पाण्यातल्यासारखा. शेवाळ पाय गिळत होतं. चिखलाच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता. आउनेनं तो ओळखला आणि तिला रडू फुटेलसं झालं. टाउनोचा लोकरी कोट भिजला की त्याला येई, तोच.

“तुम्हाला येतोय वास?”

वैनोनं मान डोलावली. मग बोट ओठांवर ठेवलं.

आत, झाडांच्या पोटात, घंटा वाजली. पितळेची नव्हे. जाड, बुडालेली... टण्... टण्... जणू कुणी चालत चालत जागा शोधत होतं. पिकी त्यांच्या पायाशीच उभा होता, त्याच्या गळ्यातली घंटा गप्प होती.

मग ती आतली घंटाही थांबली.

“धर याला,” वैनोनं पिकीचा पट्टा तिच्या हातात दिला.

“जाऊ नका.” तिनं त्याची बाही घट्ट धरली. “पापा, मी पाया पडते. माझं कुणी नाही हो आता.”

त्यानं तिच्या बोटांवर हात ठेवला. हात बर्फासारखा होता, पण आवाज इतका मऊ की वर्षभरात तसा तिनं ऐकला नव्हता. “वर्षभर उभी आहे बिचारी. कुणीच गेलं नाही तिच्याजवळ. उभं कुत्रं टाकून घरी जातं का कुणी?” आणि तिची बोटं त्यानं एकेक करून सोडवली.

तो झाडांत शिरला. त्याची धाप ऐकू येत होती. बुटांखाली पाण्याचा पचक पचक आवाज. “हळू, पोरी... हळू...”

आणि मग काहीच नाही. किंकाळी नाही, बार नाही, पडल्याचा आवाज नाही. बोलता बोलता माणूस शेजारच्या खोलीत जातो, तसं.

तिनं हाका मारल्या. आवाज चिरकेपर्यंत मारल्या. पट्टा ओढत आत जाऊ लागली, तर पिकी जागचा हलेना. मान खाली घालून तो मान देत होता, आणि त्याची नजर वैनो गेला त्या बाजूला नव्हती. ती होती अगदी जवळ, तिच्या आणि पहिल्या सीडरच्या मध्ये, गुडघाभर उंचीवर. तिथं काही नव्हतं. ओल्या कोटाचा वास मात्र आता इतका जवळून येत होता की...

ती पळाली. कुत्र्याला अर्धवट उचलून, अर्धवट फरफटत.

पुरुष पुन्हा जमले. दोऱ्या आणल्या, खड्ड्यांत कंदील सोडले. यावेळीही ते मधूनमधून थांबून कान देत. तिनं सांगून पाहिलं, की ऐकू नका, ऐकून सापडणार नाही. त्यांनी दयेनं तिच्याकडे पाहिलं आणि कुणीतरी तिला घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झालं. स्वयंपाकघरात भर दिवसा करडा, मेलेला उजेड. टेबलावर वैनोची बशी कालपासून तशीच होती, तळाशी कॉफीचं सुकलेलं वर्तुळ. आता कुणाला घरी आणायचं नव्हतं. तिनं पिकीची घंटा सोडून खुंटीला टांगली होती. कुत्रं चुलीपाशी पडून होतं. ती खुर्चीवर बसली होती आणि रडूही येत नव्हतं.

पिकी उठला. दोन पावलं टाकली आणि थांबला. मान खाली, शेपटी ताठ.

आउनेनं त्याच्या नजरेचा माग काढला. दाराच्या आत, लिनोलियमच्या फरशीवर, ओल्या खुणा होत्या. दार तर बंद होतं. दोन मागच्या, एक पुढची. बोटं तिच्याकडे.

तेव्हा तिला कळलं, रानात कूरा कुणावर रोखून उभी होती. समोर तितर कधी नव्हतंच. समोर फक्त ते दोघं होते.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ दबल्याचा आवाज आला. एक पाऊल. थांबून दुसरं. घाई नव्हती. आणि मागच्या दाराच्या बाजूनंही, तसंच, सावकाश. पिकी भुंकला नाही. उठावं, खिडकीतून उडी टाकावी, किंचाळावं, असं तिच्या मनात आलं. मनातच राहिलं. तिनं श्वास धरला. हललो नाही तर दिसणार नाही, असं वाटतं खरं.

पुढच्या दाराबाहेर धाप लागलेला, ओळखीचा, मऊ आवाज म्हणाला, “हळू, पोरी... हळू...”

आणि मागच्या दाराशी तेच शब्द, तोच सूर, पण तरुण. तो आवाज ऐकायला ती वर्षभर झुरली होती.

फरशीवरच्या तीन ओल्या खुणांच्या शेजारी, अगदी हलकेच, चौथी उमटली.