पप्पांचे चार इंजेक्टर

सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढ लागला की खोकायला का लागते? सांगा बघू! मला आठवडाभर हे कोडं सुटत नव्हतं, आणि ज्यांना उत्तर ठाऊक होतं ते आबा तोंड शिवून बसले होते.

गाडी माझ्या पप्पांची. घाटातल्या शर्यतींमध्ये ते ती चालवायचे. गेल्या वर्षी आजारपणात ते गेले, आणि गाडी कोल्हापुरातल्या आमच्या शेडमध्ये तशीच उभी राहिली. आता पेट्रोल मिळायचं बंद झालंय. जुनी गाडी ठेवायची असेल तर ती मद्यार्कावर (उसाच्या मळीपासून काढलेल्या इंधनावर) चालली पाहिजे. रविवारी पन्हाळ्याच्या चढावर तपासणी होती. नापास झाली की गाडी भंगारात!

आबा म्हणजे पप्पांचे वडील, इंजिनांचे शास्त्रज्ञ. त्यांनी मद्यार्क भरला आणि गाडी चढावर खोकली. त्यांनी इंधनाचा दाब वाढवला. पुन्हा खोकली. आणखी वाढवला. पंप अगदी रडकुंडीला आला.

"आबा, काय चाललंय काय?" मी विचारलं.

"तू गप गं, केतकी."

मग मी आमच्या चिमट्याला गाठलं. चिमट्या म्हणजे शेडमधला यंत्रमानव. हातांना बोटांऐवजी चिमटे आहेत म्हणून हे नाव.

"चिमट्या, तू तरी सांग बाबा. घोडं कुठं पेंड खातंय?"

"गाडीला टर्बोचार्जर आहे (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र)," चिमट्या म्हणाला. "चढावर तो जोरात फिरतो. हवा वाढली की त्या प्रमाणात इंधनही वाढायला हवं. ते देतात इंजेक्टर (इंधनाचा बारीक फवारा मारणाऱ्या तोट्या)."

"मग दाब कशाला वाढवायचा?"

"वाऱ्याकडं तोंड करून चूळ टाकलीस कधी?"

"ई! सगळी अंगावर येते!"

"तसंच. कोंबलेली हवा फवाऱ्याला उलटी रेटते. म्हणून हवेचा दाब जेवढा वाढेल, तेवढाच इंधनाचाही वाढवावा लागतो. ती सोय तुझ्या पप्पांनी केलेली आहे. अडचण मद्यार्काची आहे. तेवढ्याच हवेला तो पेट्रोलच्या दीडपट लागतो. पेट्रोलवर, पूर्ण जोरात, हे इंजेक्टर शंभरातले ऐंशी भाग वेळ उघडे असायचे. आता दीडपट कर."

"एकशेवीस! अरे, पण शंभरातले एकशेवीस भाग वेळ कोण उघडं राहील? काहीतरीच!"

"म्हणूनच इंधन कमी पडतं आणि गाडी खोकते. असंच रेटत राहिलो तर आतली उष्णता वाढून पिस्टन वितळेल."

"पण दाबानं फवारा वाढतो ना?"

"वाढतो, पण फार चिक्कूपणानं. दुप्पट इंधनाला चौपट दाब लागतो आणि दीडपटीला सव्वादोनपट. एवढ्या दाबाला पंप दमतो आणि इंजेक्टरची झडप नीट उघडत नाही. मोठे इंजेक्टर बसवणं हाच उपाय."

"कुठून आणायचे?"

"फळीवर आहेत. आबासाहेबांनीच मागवलेत."

माझं डोकंच फिरलं. डबा काढला आणि आबांच्या पुढ्यात आदळला. "तुम्हाला सगळं माहीत होतं! मग उगाच पंपाचा जीव का काढताय?"

आबा इंजिनावर हात ठेवून उभे होते. "आतले चार तुझ्या पप्पानं, माझ्या संग्रामनं बसवलेत," ते हळू म्हणाले. "तेव्हा आजारानं त्याचे हात थरथरत होते. मी म्हटलं, आण, मी बसवतो. तर म्हणाला, आबा, तुम्ही नुसते शेजारी बसा. त्याच्या हातचं मी कसं काढू गं?"

मला रडूच फुटलं. आबांना सगळं गणित येत होतं, आणि तरी ते चार काढणं जमत नव्हतं. मलाही पप्पांचं काही काढायला नको होतं. पण गाडीच चिरडली गेली तर ते चार तरी कुठं राहणार?

"मी काढते," मी डोळे पुसत म्हटलं. "तुम्ही नुसते शेजारी बसा."

आबा बसले. "आधी इंधनाचा दाब उतरव," एवढंच म्हणाले, "नाहीतर डोळ्यांत उडेल." तीन निघाले. चौथा हलेना, तेव्हा आबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून तो ओढला. मोठे इंजेक्टर बसवले, आणि आबांनी दाब पुन्हा पहिल्यासारखा केला.

रविवारी आईनं गाडी चालवली. सगळा चढ ती एकदाही न खोकता चढली. वर तपासनीसबाईंनी काचेवर हिरवी पट्टी चिकटवली. मी ओरडत आबांकडे धावले, तर ते पाठ फिरवून उभे.

"आबा, पास झालो की!"

"आवाज बदलला गं तिचा," आबा म्हणाले. "संग्राम यायचा तेव्हा कोपऱ्यावरूनच मला कळायचं. हा आवाज त्याचा नाही."

मी त्यांचा हात धरला. "नाहीच तो पप्पांचा. मी मोठी झाले की ही गाडी मीच चालवणार. तेव्हा कोपऱ्यावरून हा आवाज आला की समजायचं, केतकी आली."

आबा खूप रडले. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आईला म्हणाले, "सूनबाई, पुन्हा एकदा चालू कर. मला नीट ऐकू दे."