तळमजल्यावरचा काळा ठिपका

रसना प्रयोगशाळेच्या भिंतभर पडद्यावर कृष्णाकाठ वसाहतीचा नकाशा उजळला, तेव्हा डॉ. हेमंत टिल्लूंनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. पण थोर क्षणी काहीतरी पुसावं, असा त्यांचा स्वभाव होता.

नकाशाभर ठिपके होते. हिरवा म्हणजे इथं जेवायला जावं. पिवळा म्हणजे भूक फारच असेल तर जावं. काळा म्हणजे त्यापेक्षा उपास धरावा.

या नकाशाचं मूळ टिल्लूंच्या पोटात होतं. काही महिन्यांपूर्वी प्रयोगशाळा पुण्याहून सांगलीला हलली आणि तिच्यामागून टिल्लू पतिपत्नीही हलले. नव्या जागी माणूस आधी दूधवाला शोधतो की न्हावी, याबद्दल मतभेद असतील. टिल्लूंच्या मते तो जेवायची चांगली जागा शोधतो. वृंदाताई खोकी सोडवण्यात गुंतलेल्या, म्हणून पहिला आठवडा बाहेरच जेवायचं ठरलं. टिल्लूंनी फोनवर लोकांचे अभिप्राय वाचून एक हॉटेल निवडलं. हजारो लोकांनी लिहिलं होतं, ‘अगदी घरच्यासारखं.’ तिथं जेवून आल्यावर दोन दिवस टिल्लूंना त्या हजारो घरांची कीव येत राहिली.

तिसऱ्या दिवशी उठून बसता आलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की माणसाची जीभ खोटं बोलते, टाळू बोलत नाही.

त्यातून टाळूपट्टी जन्माला आली. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी टाळूला चिकटवायची आणि विसरून जायचं. माणूस जेवू लागला की तोंडाला सुटणारं पाणी, चवीच्या नसांमधली हालचाल आणि मेंदूकडून येणारा होकार हे सगळं ती मोजायची आणि शंभरपैकी एक आकडा काढायची. त्या आकड्याला टिल्लूंनी नाव दिलं तृप्तिमान. पट्टी कोणाची, हे नकाशाला कळत नसे. पट्टीचा क्रमांक, जागा कुठली, पदार्थ कोणता आणि तृप्तिमान किती, एवढंच कळे. वसाहतीतल्या बहुतेकांनी प्रयोगासाठी पट्टी लावून घेतली. फुकट आहे म्हटल्यावर काहींनी दोन मागितल्या. वृंदाताईंना टिल्लूंनी विचारलं नाही, सांगितलं.

“सर, एक शंका हाय,” डॉ. फिरोज मुजावर म्हणाला होता. मुजावर मज्जाशास्त्रज्ञ, मूळचा मिरजेचा, आणि टिल्लूंना शंका विचारण्याचं धैर्य असलेला प्रयोगशाळेतला एकमेव माणूस. “आपण पदार्थ मोजतोय असं तुम्ही म्हणताय. पण पट्टी माणसाला मोजतीय. माणूस भ्याला, लाजला, कुणी डोळं वटारलं, की त्याचं तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडाची टाळू मुकी. ताटात अमृत वाढलं तरी तृप्तिमान शून्यच येणार.”

“तो गोंगाट,” टिल्लू म्हणाले. “मापनात गोंगाट असायचाच. दुर्लक्ष करायचं.”

“आणि एका जागी दहाजण जेवले, तर सरासरी घ्यायची ना?”

इथं टिल्लू खुर्चीतून उठले होते. सरासरी त्यांना मान्य नव्हती. सरासरीत नऊजणांच्या ढेकरांखाली दहाव्याची भूक दबते. “मुजावर, पंगतीत एक माणूस अर्धपोटी उठला, तर यजमान काय म्हणतो? सरासरी पंगत छान झाली म्हणतो? पंगत बिघडली म्हणतो. ज्या जागी ज्याचं तृप्तिमान सगळ्यात कमी, तेच त्या जागेचं तृप्तिमान.” या नियमाला पंगतनियम म्हणावं, असंही त्यांनीच सुचवलं आणि स्वतःच्या सूचनेला स्वतःच अनुमोदन दिलं.

असा तो नकाशा आता पडद्यावर होता. त्यात टिल्लू राहत त्या इमारतीवर दोन ठिपके जवळजवळ एकमेकांत घुसलेले दिसत होते. एक हिरवा, अख्ख्या वसाहतीत सर्वांत गडद. दुसरा काळा, आणि तोही सर्वांत गडद. नकाशा वरून पाहिल्यासारखा असल्यानं मजला कळत नव्हता; पण टिल्लूंना तो कळायला नकाशाची गरज नव्हती. तिसऱ्या मजल्यावर ते स्वतः राहत. तळमजल्यावर छाया कुंभार नावाच्या बाईंचं चपाती-भाजी केंद्र होतं. वसाहत त्यांना छायाक्का म्हणे. दोन ठिपके, दोन जागा. यात शोधायचं काय?

हिरवा ठिपका कोणाचा, हे त्यांनी विनयानं कोणाला सांगितलं नाही. म्हणजे तीन-चार लोकांनाच सांगितलं.

त्यांच्या घरच्या जेवणाची एक शिस्त होती. टिल्लू पहिला घास घेत, डोळे मिटत आणि दहापैकी गुण सांगत. “साडेसहा. फोडणी घाईची.” मग वृंदाताई जेवायला सुरुवात करत. लग्नानंतरच्या पहिल्या आमटीपासून हे चालत आलेलं. दहा त्यांनी कधी दिले नव्हते, कारण दहा मिळाले की माणसाची प्रगती खुंटते. आठ एकदा दिले होते. नंतर कळलं की ती आमटी वृंदाताईंच्या आईनं केली होती. पण इतक्या वर्षांच्या मार्गदर्शनाचं फळ म्हणून आज वसाहतीतला सर्वांत हिरवा ठिपका आपल्या टेबलावर उमटला, याचं टिल्लूंना मनापासून समाधान होतं.

काळ्या ठिपक्याचं मात्र काहीतरी करणं भाग होतं. वसाहतीच्या सभेत टिल्लूंनी नकाशा दाखवला आणि नागरिक म्हणून आपलं कर्तव्य केलं. अध्यक्ष नलवडे हे निवृत्त फौजदार. संशय आला की त्यांना तरतरी येई. महिनाअखेर केंद्राचा गाळा रिकामा करून घ्यावा आणि त्याआधी डॉक्टरसाहेबांनी पक्का अहवाल द्यावा, असं ठरलं.

छायाक्का मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या. “डॉक्टर, तुम्ही माझ्याकडचं कधी खाल्लंय का?”

“खायची गरज नाही,” टिल्लू म्हणाले. “नकाशा आहे.”

“मग रोज नकाशालाच जेवायला घाला की,” छायाक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या. कुणीतरी हसलं. पण दुसऱ्या दिवसापासून केंद्रासमोरची रांग आखडत गेली, कारण माणसाला जिभेपेक्षा शेजाऱ्याचं मत जास्त रुचतं.

वृंदाताई सभेत काही बोलल्या नव्हत्या. घरी कुलूप काढताना एवढंच म्हणाल्या, की तिच्या हाताला चव आहे. टिल्लूंनी विचारलं, तुला कसं माहीत? त्या म्हणाल्या, वास येतो ना वरपर्यंत.

अहवाल पक्का करायचा तर मजला सिद्ध करायला हवा होता. पट्टीत हवेचा दाब मोजायची सोय होतीच. त्यावरून उंची काढता येते. मुजावरनं ते गणित बसवलं आणि एका दुपारी नकाशा उभा केला. पडद्यावर इमारती काड्यापेट्यांसारख्या उठून उभ्या राहिल्या, आणि ठिपके आपापल्या मजल्याकडे निघाले.

काळा ठिपका वर चढला. पहिला मजला ओलांडला, दुसरा ओलांडला आणि तिसऱ्यावर थांबला. हिरवा जागचा हललाच नाही. तो तळमजल्यावर, केंद्राच्या मागच्या पायरीवर बसून राहिला.

“गणित चुकलंय,” टिल्लू म्हणाले.

मुजावरनं ते परत केलं. ठिपके परत तसेच गेले.

“सर, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. केंद्रावर जेवतंय कोण? तिथं टेकायला बाकडंबी न्हाई. लोक डबा घेत्यात आणि घरी जात्यात. मीबी तिथनंच घेतो. नकाशात जेवायची जागा उमटतीय, रांधायची न्हाई. केंद्राचा ठिपका उमटायचा कसा?” मुजावर हे पडद्याकडे पाहत बोलत होता. टिल्लू कुठल्या मजल्यावर राहतात, हे त्याला ठाऊक होतं. गृहप्रवेशाला तोही आला होता, आणि त्या जेवणालाही गुण मिळालेले त्यानं ऐकले होते.

“काळ्याची फोड दाखव,” टिल्लू म्हणाले.

“राहू द्या की, सर.”

“दाखव.”

त्या टेबलावर दोनच टाळू होत्या. एकीचं तृप्तिमान रोज नव्वदीच्या पुढं. इतकी सुखी टाळू वसाहतीत दुसरी नव्हती. दुसरीचं शून्य. काल शून्य, परवा शून्य, प्रयोग सुरू झाल्यापासून शून्य. पंगतनियमानं त्या जागेचा निकाल लागला होता.

“पदार्थ बिघडलेला असेल,” टिल्लू म्हणाले. आपण काय बोलतोय ते कळायच्या आत ते बोलून गेले होते.

मुजावरनं आजची नोंद उघडली. सकाळी तिसऱ्या मजल्यावर गवार, दाण्याचं कूट घातलेली, तृप्तिमान शून्य. तासाभरानं मागच्या पायरीवर तीच टाळू, तीच गवार, तेच दाण्याचं कूट. तृप्तिमान शहाण्णव.

“गवार बिघडलेली न्हाई, सर,” तो हळू आवाजात म्हणाला.

टिल्लूंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. आज सकाळी त्या गवारीला आपण सहा दिले, हे त्यांना आठवलं. ‘बेताची’ असा शेराही दिला होता. कान गरम झाले. हा गोंगाट आपण पहिल्याच दिवशी ओळखून बाजूला टाकला होता, आणि तो गोंगाट गेली कित्येक वर्षं समोर बसून मुकाट्यानं जेवत होता.

ते प्रयोगशाळेतून थेट नलवड्यांकडे गेले. अहवाल तोंडीच दिला: काळा ठिपका केंद्राचा नाही, माझ्या जेवणाच्या टेबलाचा आहे, गाळा काढू नका. नलवड्यांनी फौजदारी सहानुभूतीनं मान हलवली. “असं होय. म्हणजे वहिनींच्या हाताला... चालायचंच, डॉक्टर. आमच्याकडंबी काय फार न्हाई.”

टिल्लूंना वाटलं, हे असंच राहू द्यावं. गाळा वाचला, अब्रूही निम्मी वाचली. ते फाटकापर्यंत गेलेसुद्धा. तिथून परत फिरले.

“वृंदाच्या हाताचा दोष नाही,” ते म्हणाले. “मी समोर बसलो की तिला जेवण जात नाही. ठिपका माझा आहे. हे सभेत असंच सांगा.”

नलवड्यांनी खुर्ची पुढं ओढली. एवढा कबुलीजबाब त्यांना नोकरीतही कुणी दिला नव्हता. मग ते म्हणाले, बसा, चहा घ्या. टिल्लू बसले नाहीत.

इमारतीच्या मागे ते आजवर कधी गेले नव्हते. तिथं केंद्राची मागची पायरी होती, एक तुळशीची कुंडी, आणि भांडी पालथी घालायची फळी. पायरीवर वृंदाताई आणि छायाक्का ताटल्या मांडीवर घेऊन दुपारचं खात बसल्या होत्या. वृंदाताई कशालातरी खळखळून हसत होत्या. हे हसणं टिल्लूंच्या ओळखीचं होतं; फार पूर्वी कुठंतरी ऐकलेलं. त्यांना पाहताच ते थांबलं, आणि वृंदाताईंचा घास हातातच राहिला.

“या, डॉक्टर,” छायाक्का म्हणाल्या. “शेवटी पत्ता सापडला म्हणायचा.”

टिल्लूंनी सांगितलं, की गाळा राहील. चूक माझी होती, असंही सांगितलं; पण ते इतकं हळू, की छायाक्कांनी कानावर हात धरून परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं. मग छायाक्का सरकल्या, पायरीवर जागा केली आणि एक ताटली भरली. गरम चपाती, ठेचा, आणि वृंदाताईंनी वरून आणलेल्या वाटीतली उरलेली गवार, सकाळचीच. टिल्लूंना नको म्हणायचं होतं, पण तोही अधिकार राहिलाय असं वाटेना. ते बसले आणि घास घेतला.

काहीच लागलं नाही. मीठ नाही, तिखट नाही. चपाती तोंडातल्या तोंडात फिरत राहिली. ठेचासुद्धा नुसता ओला लागला. वसाहतीतल्या सगळ्यात हिरव्या जागी बसून ते जणू भिंतीचा पोपडा चावत होते.

फोन वाजला. मुजावर होता.

“सर, नकाशा बघताय का? मागच्या पायरीचा हिरवा ठिपका आत्ता काळा झाला. कोणतरी नवीन टाळू आलीय तिथं. तृप्तिमान शून्य.” तो आवाज खाली आणून म्हणाला, “गोंगाट म्हणून काढून टाकू?”

टिल्लूंनी घास कसाबसा गिळला. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

“नको,” ते म्हणाले. “पंगतीतलाच आहे तो. राहू दे.”

फोन खाली ठेवला. वृंदाताईंनी ताटलीकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं विचारलं, “किती?”

टिल्लूंनी तोंड उघडलं. आकडा आला नाही.

“चवच कळत नाहीये,” ते म्हणाले.

वृंदाताईंनी मान हलवली. पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

“हो,” त्या म्हणाल्या. “तसंच होतं.”